एका तासाला सहासष्ट मिनिटं

सोमवार, २ फेब्रुवारी १९९८

वीणाने ही वही आणून माझ्यापुढे टाकली. म्हणाली, "अहो, माझ्यावर ओरडण्यापेक्षा हिच्यात ओरडा. डॉक्टरांनी सांगितलंय ना ब्लडप्रेशर सांभाळा म्हणून." ठीक आहे. ओरडतो.

रुळांची तपासणी करणाऱ्या ट्रॉल्यांसाठी एकशे वीस लॅपटॉप खरेदी व्हायचे आहेत. ट्रॉली रुळावरून धावते, चाकापाशी बसवलेलं यंत्र धक्के मोजतं, आणि लॅपटॉपने ते धक्के वाचून रुळाला तडा कुठे आहे ते जागच्या जागी सांगायचं. दोन कंपन्या शर्यतीत आहेत. एकीचा लॅपटॉप काळा, एकीचा करडा. आत वेगवेगळे प्रोसेसर. कुठला प्रोसेसर सरस, ते आमच्या प्रयोगशाळेने सांगायचं.

आमच्या प्रयोगशाळेने म्हणजे मी सांगायचं. एकवीस वर्षं मी हेच करतोय. पण आमचे संचालक उपेंद्र राव आज म्हणतात, "वासुदेवराव, मैत्रेयीला बरोबर घ्या. नवीन मुलगी आहे, शिकेल."

मैत्रेयी खांबेटे. वय सव्वीस. सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून आली, अजून प्रोबेशनवर आहे. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली होती, "सर, तुमची मराठी किती गोड आहे! मध्येच कानडी 'सरी' म्हणता, 'स्वल्प थांब' म्हणता." माझा जन्म इथला, बंगलोरच्या मल्लेश्वरमचा. माझे वडील अठ्ठेचाळीस साली इथल्या कारखान्यात लागले. माझी मराठी गोड आहे की कडू, हे ही कालची पोरगी मला सांगणार.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

दोन्ही यंत्रांवर 'तराजू' चालवला. तराजू हा माझा प्रोग्रॅम, एकोणनव्वद साली लिहिलेला. गुणाकार, भागाकार, वर्गमुळं, ठरलेली आकडेमोड लाखो वेळा करून घेतो आणि शेवटी एक आकडा देतो. नऊ वर्षांत देशातल्या किती कचेऱ्यांनी त्या आकड्यावर भरवसा ठेवून खरेदी केली असेल, मोजदाद नाही.

करड्याला शंभर धरलं तर काळ्याला एकशे अठरा. तीनदा चालवला, तीनदा तेच. काळ्याचा वेग कागदावरही जास्तच आहे, दोनशे तेहेतीस मेगाहर्ट्झ. करडा दोनशेचा. प्रश्न मिटला.

मिटला कसला! मैत्रेयी खुर्ची ओढून बाजूला बसली. "सर, तराजू केवढा आहे? म्हणजे मेमरीत जागा किती घेतो?"

"बारा केबी. का?"

"मग तो चिपच्या पोटातच मावतो ना सगळा. बाहेरच्या मेमरीकडे जावंच लागत नाही. पण ट्रॉलीच्या प्रोग्रॅमला सतत बाहेरून माहिती ओढावी लागेल. आणि काळ्यात चिप आणि मेमरी यांच्यामधली साठवण काढून टाकलीय. स्वस्त पडावा म्हणून. त्यामुळे तराजूला ते कळणारच नाही."

मी म्हटलं, "तू शाळेत होतीस तेव्हापासून तराजू चालतोय."

"हो सर," ती म्हणाली, "तेव्हाच्या चिपांसाठी तो चांगलाच होता."

होता! मी उठून कँटीनला गेलो. कॉफीची चव लागली नाही.

बुधवार, ११ फेब्रुवारी

खरेदीदारांकडून त्यांचा ट्रॉलीचा प्रोग्रॅम आणि प्रत्यक्ष रुळावर नोंदवलेली एका तासाची माहिती हिने परस्पर मागवून घेतली. परस्पर म्हणजे, माझ्या टेबलावर चिठ्ठी होती म्हणे. असेल. मी चिठ्ठ्या वाचत बसत नाही.

आज तिने तो प्रोग्रॅम दोन्हींवर चालवला. एका तासाची माहिती तपासायला करड्याला एक्केचाळीस मिनिटं लागली. काळ्याला सहासष्ट.

"सर, एका तासाला सहासष्ट मिनिटं," ती म्हणाली. "म्हणजे ट्रॉली पुढे जाणार आणि हा मागे पडत जाणार. पुढची माहिती यायची थांबणार नाही. जी हाताळता येणार नाही ती हा टाकून देणार. त्या टाकून दिलेल्यात एखादा तडा असला तर?"

मी सांगितलं, त्यांचा प्रोग्रॅम गबाळ्याने लिहिलाय, त्यात प्रोसेसरचा काय दोष? नीट लिहिला तर काळाच पुढे येईल. ती म्हणाली, "पण सर, ट्रॉलीवर हाच प्रोग्रॅम चालणार आहे."

उद्धट आहे. आवाज चढवत नाही म्हणून जास्तच उद्धट वाटते.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

उपेंद्र रावांकडे गेलो होतो. त्यांच्या टेबलावर नवाकोरा काळा लॅपटॉप. कंपनीने महिनाभर वापरून बघायला दिलाय, त्यांचा मुलगा त्यावर मोटारींचा खेळ खेळतो म्हणाले, फार झकास चालतो. मला बरं वाटलं. निदान ह्या माणसाला यंत्राची पारख आहे.

म्हणाले, "वासुदेवराव, तुमचा तराजू म्हणजे आपल्या संस्थेचं नाक आहे. एका प्रोबेशनरच्या शंकेवरून आपण तो मोडीत काढायचा का?" सहा वर्षांत पहिल्यांदा ह्या माणसाने माझ्या कामाबद्दल चांगला शब्द काढला. विभागप्रमुखाच्या जागेचाही विषय त्यांनीच काढला. जूनमध्ये रिकामी होतेय.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

आता मला सगळं कळलं.

संध्याकाळी वीणाबरोबर आठव्या क्रॉसच्या बाजारात भाजी घ्यायला गेलो होतो. तिथल्या हॉटेलात, अगदी दर्शनी टेबलाशी, मैत्रेयी आणि करड्याच्या कंपनीचा प्रतिनिधी! समोर डोसे. तो तिला जाडसर पाकीट देत होता. मला बघून तिने हात हलवला. हात हलवला! लाज कशी ती नाही.

वीणा म्हणाली, "चोरून भेटायचं असतं तर खिडकीत बसली असती का?" हिला कुणाबद्दलही चांगलंच वाटतं.

"उद्या विचारा की तिला सरळ," असंही म्हणाली.

काय विचारायचं? डोळ्यांनी बघितलंय.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

सकाळी ती माझ्या टेबलाशी आली. "सर, काल तुम्ही दिसलात. ते पाकीट..." मी म्हटलं, मला काम आहे. ती दोन मिनिटं उभी राहिली आणि गेली.

दुपारी उपेंद्र रावांना पत्र दिलं. हाताने लिहिलं, टायपिस्टला कळायला नको म्हणून. कु. मैत्रेयी खांबेटे यांचे एका पुरवठादाराच्या प्रतिनिधीशी कार्यालयाबाहेर घनिष्ठ संबंध असून त्यांच्या चाचण्या त्याच दृष्टीने रचलेल्या दिसतात, सबब त्या विश्वासार्ह धरू नयेत. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून खणात ठेवलं. "अवघड काम केलंत, वासुदेवराव. असं लिहायला धैर्य लागतं."

मला बरंच हलकं वाटलं.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

तिला काढलं. प्रोबेशन पुढे वाढवलं नाही, एवढीच एका ओळीची नोटीस. मला वाटलं होतं तंबी देतील, दुसऱ्या विभागात टाकतील. पण उपेंद्र राव म्हणाले, अशा गोष्टी मुळातूनच संपवाव्या लागतात.

जाताना तिने देवाप्पाला नमस्कार केला. देवाप्पा आमचा जुना तंत्रज्ञ, माझ्याही आधीपासून इथे आहे. त्याचे डोळे भरले होते. माझ्याकडे तिने नुसतं पाहिलं. मीही पाहिलं. मी का मान खाली घालू?

घरी वीणाला सांगितलं. ती पोळ्या लाटत राहिली. मग म्हणाली, "विचारलं होतंत तिला?"

ताट बाजूला सारून उठलो. ह्या घरात माझी बाजू कुणी घेत नाही.

मंगळवार, ३ मार्च

अहवाल गेला. काळा सरस. माझी सही.

देवाप्पा हल्ली मला चहा विचारत नाही.

गुरुवार, १२ मार्च

खरेदीदारांचं पत्र आलंय. ऑर्डरवर सही होण्यापूर्वी निवडलेल्या यंत्राची रुळावर एक चाचणी प्रयोगशाळेने करून द्यावी. नुसता उपचार. उपेंद्र राव म्हणाले, कुणालाही पाठवा, कागद भरून आणू द्या. मी म्हटलं, मी स्वतः जातो. माझ्या अहवालावर उपचार म्हणूनही दुसऱ्या कुणाची सही मला नको.

बुधवार, १८ मार्च

हातपाय न धुताच लिहायला बसलोय. अक्षर वाकडं आलं तर येऊ दे.

हेब्बाळच्या पलीकडे एका बंद पडलेल्या वीटकारखान्याची साइडिंग, म्हणजे बाजूला काढलेला रूळ, आहे. तिथे ट्रॉली आणली होती. मी, देवाप्पा आणि ट्रॉली चालवणारे दोघे. देवाप्पाने आधीच रुळात करवतीने तीन काप घेऊन ठेवले होते, खोट्या तड्यांसारखे. जागा त्याला माहीत, मला नाही. काळा लॅपटॉप जोडला आणि निघालो.

पहिला काप सापडला, पडद्यावर लाल खूण आली. मी देवाप्पाकडे बघून हसलोसुद्धा. मग पुढे बराच वेळ काही नाही. साइडिंग संपली. पडद्यावर एकच खूण.

"पुन्हा," मी म्हटलं. पुन्हा एकच. तिसऱ्यांदा दोन. चौथ्यांदा पुन्हा एक. मी खाली उतरून देवाप्पाला म्हटलं, काप नीट घेतलेच नसशील. त्याने मला हाताला धरून नेलं आणि दाखवलं. कापात माझी नखं आत जात होती. अशा रुळावरून आम्ही चार वेळा गेलो, आणि माझ्या सरस प्रोसेसरला एकदाही तिन्ही काप सापडले नाहीत.

मग देवाप्पाने त्याच्या पिशवीतून करडा काढला. मी आणायला सांगितला नव्हता. तो जोडला. तीन खुणा. पुन्हा तीन. पुन्हा तीन.

देवाप्पा कानडीत बोलतो, मी मराठीत लिहितोय. म्हणाला, "सार, हे काप आजचे नाहीत. चौदा फेब्रुवारीला घेतलेत. शनिवार होता, सुट्टीचा. मैत्रेयी अम्मा आणि मी आलो होतो, पदरचे पैसे घालून. तेव्हाही असंच झालं. तिने सगळं लिहून संचालकांना दिलं. पाच पानं होती."

"मला कुणी दाखवली नाहीत."

"तुम्हाला दाखवायला ती दोनदा आली होती. तुम्ही म्हणालात, काम आहे."

मी पाकिटाचं विचारलं. त्याने मान हलवली. "चिपचं पुस्तक होतं त्यात. दोन्ही कंपन्यांकडून तिने मागवलं. काळ्यावाल्याने ऑफिसात आणून दिलं, करड्यावाला येऊ शकला नाही म्हणून ती तिकडे गेली. दोन्हींची आवक नोंदवहीत नोंद आहे, सार. तारखेसकट."

मी रुळावर बसलो. ऊन मरणाचं होतं. देवाप्पाने पाणी दिलं नाही, मीच उठून घेतलं.

गुरुवार, १९ मार्च

सकाळी सकाळी उपेंद्र रावांच्या केबिनमध्ये घुसलो. दार लावलं नाही, मुद्दाम. ओरडलो. पाच पानं कुठे आहेत विचारलं. काळ्याला काप दिसत नाहीत हे तुम्हाला महिन्याभरापूर्वी माहीत होतं, असं तोंडावर म्हटलं. टेबलावर तो काळा लॅपटॉप तसाच होता. महिना कधीच उलटून गेला. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. मोटारींचा खेळ झकास चालणारच, खेळाला कुठे तडे शोधायचेत! त्या बाजूचं डोसे खाणं मला दिसलं आणि ह्या बाजूचा अख्खा लॅपटॉप दिसला नाही.

ते शांत होते. खण उघडला आणि माझं पत्र काढून मला वाचून दाखवलं. सगळं, तारखेपासून सहीपर्यंत. मग म्हणाले, "तिच्या चाचण्या विश्वासार्ह धरू नयेत. हे मी म्हटलं नाही, वासुदेवराव. तुमच्याच अक्षरात आहे. मी फक्त माझ्या सर्वांत अनुभवी माणसाचं ऐकलं."

मला वाटलं, टेबल उलटून टाकावं. नाही टाकलं. कारण त्या चोराने एकही शब्द खोटा वाचला नव्हता.

"जूनची जागा लक्षात ठेवा," ते म्हणाले.

शुक्रवार, २० मार्च

दिवसभर तराजूचा कागद पुढे घेऊन बसलो. तिचं म्हणणं अर्ध्या तासात पडताळता आलं. तराजू फुगवला, त्याला बाहेरच्या मेमरीतून आकडे ओढायला लावले. काळा एकशे अठरावरून थेट चौसष्टावर आला. अर्धा तास! पाच फेब्रुवारीला हा अर्धा तास मी कॉफी प्यायला गेलो.

खरेदीदारांना परस्पर पत्र लिहायचं ठरवलंय. नियमाप्रमाणे संचालकांमार्फतच जायला हवं. नियम गेला खड्ड्यात.

वीणाला सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणेल मी सांगत होते. ती म्हणाली, "आधी तिच्याकडे जा. मग पत्र."

रविवार, २२ मार्च

जे. पी. नगरला गेलो. ती एका कन्नड कुटुंबाकडे वरच्या खोलीत राहते. घरमालकीणबाईंनी हाक मारली तशी खाली आली, पण फाटकाच्या आतच उभी राहिली. मला आत बोलावलं नाही.

मी म्हटलं, "मैत्रेयी, माझं चुकलं."

"काय चुकलं, सर?"

"सगळंच."

"सगळंच म्हणजे काहीच नाही. नीट सांगा."

रस्त्यावर उभं राहून सांगावं लागलं. तराजूबद्दल, पाकिटाबद्दल, पत्राबद्दल. पत्र मी लिहिलं हे तिला माहीत नव्हतं. संचालकांनी तिला फक्त 'तक्रार आली आहे' एवढंच सांगितलं होतं. तिचा चेहरा बदलत गेला.

"तुम्ही?" ती म्हणाली. "मला वाटलं काळ्याच्या कंपनीने केली. एक महिना मी त्यांना शिव्या घालतेय. सर, माझ्या बाबांना मी काय सांगितलं असेल? तीन ठिकाणी मुलाखतीला गेले, तिन्ही ठिकाणी विचारलं, आधीची नोकरी का सुटली? एकदा विचारायचं होतंत मला. एकदा! मी हात हलवला होता तुम्हाला."

तिचा आवाज चढला. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघायला लागली. मी तिला थांबवलं नाही. तिने सुनावलं, मी ऐकलं. "तुम्हाला मी चूक आहे असं वाटलंच नव्हतं, सर. मी बरोबर असेन याचाच तुम्हाला राग होता."  

शेवटी मी पत्राचा मसुदा काढून फाटकावरून दिला. वाटलं, फाडेल. तिने उभ्या उभ्या वाचला. मग विचारलं, "पेन आहे?" दुसऱ्या पानावर एक आकडा खोडला. "ट्रॉलीच्या प्रोग्रॅमचा बफर चौसष्ट केबीचा आहे, बत्तीसचा नाही. इतकं चुकीचं पाठवलंत तर ते याच्यावरच बोट ठेवतील." आणखी दोन ठिकाणी खुणा केल्या. "माझी पाच पानं वरच्या खोलीत आहेत, प्रत देते," म्हणाली. वर गेली, घेऊन आली, फाटकावरून दिली.

"परत येशील का?" मी विचारलं. "मी लढेन तुझ्यासाठी."

"त्या माणसाच्या हाताखाली? आणि तुमच्या?"

फाटक लावून घेतलं तिने.

सोमवार, ६ एप्रिल

पत्र जाऊन दोन आठवडे झाले. मला शिस्तभंगाचा मेमो मिळालाय. चाचणी विभागातून काढून भांडारात बसवलंय. दिवसभर जुन्या मीटरांच्या याद्या तपासतो. उपेंद्र राव जिन्यात भेटले की विचारपूस करतात, आवाजात साखर घोळून. रक्त उसळतं.

देवाप्पा आज भांडारात आला आणि समोर कॉफीचा पेला ठेवून गेला. 

शुक्रवार, १७ एप्रिल

आज खरेदी समितीपुढे बोलावणं होतं. लांब टेबल, सहा माणसं. उपेंद्र राव आधीच येऊन बसले होते. अध्यक्ष वयस्कर, रुळांवरच आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी मैत्रेयीची पाच पानं आणि माझं पत्र दोन्ही वाचलं होतं.

उपेंद्र राव म्हणाले, हे प्रकरण म्हणजे एका नाराज कर्मचाऱ्याचा आकस आहे. अध्यक्षांनी त्यांना हाताने थांबवलं आणि मला विचारलं, "काळा सरस, हा पहिला अहवाल कुणाचा?"

"माझा."

"तो चुकीचा आहे हे कुणी दाखवलं?"

"मैत्रेयी खांबेटे यांनी. फेब्रुवारीतच."

"मग त्या कुठे आहेत? त्यांना का नाही आणलं?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. उपेंद्र रावही. त्यांना वाटलं असेल, इथे हा अडखळेल. इथे हा म्हणेल, संचालकांनी काढलं. तेही खरंच होतं.

मी म्हटलं, "मी त्यांना काढायला लावलं. खोटी तक्रार करून. ते पत्र संचालकांच्या खणात आहे, मागवून घ्या. आणि खण उघडाल तेव्हा टेबलावरचा लॅपटॉप कुणाचा, तेही विचारा."

ओरडलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा इतका संतापलो होतो आणि ओरडलो नाही.

दुपारी निर्णय कळला. ऑर्डर थांबवली आहे. दोन्ही यंत्रांची चाचणी समिती स्वतः रुळावर घेणार, मैत्रेयीच्या पद्धतीने. प्रयोगशाळेची चौकशी होणार, त्यात उपेंद्र राव आणि मी दोघेही. होऊ दे.

घरी येऊन जे. पी. नगरला फोन लावला. घरमालकीणबाईंनी तिला बोलावलं. मी जे झालं ते सांगितलं. मग तिने सांगितलं, तिला एका खाजगी कंपनीत काम मिळालंय, सोमवारपासून. मी म्हटलं, छान झालं.

"सर," ती म्हणाली, "तुम्ही तिथे खरं सांगितलंत हे चांगलं केलंत. पण माझा राग गेलेला नाही."

"माहीत आहे."

"इतक्यात जाणारही नाही."

"नको जाऊ देऊस," मी म्हटलं.

तिने फोन ठेवला. वीणा दारात उभी होती. काय म्हणाली, असं तिने विचारलं. मी सांगितलं, बरोबर म्हणाली.